एकातेरिना दाफोव्स्का

(जन्म : २८ नोव्हेंबर १९७५). बल्गेरियाच्या माजी बायथलॉनपटू, म्हणजे स्कीइंग आणि नेमबाजी यांच्या जोडखेळातल्या खेळाडू. जपानमधील नागानो येथे १९९८ साली झालेल्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या १५ किमी वैयक्तिक शर्यतीचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. हिवाळी ऑलिम्पिकमधले बल्गेरियाचे हे पहिलेच सुवर्ण. देशाने या स्पर्धेत १९३६ पासून भाग घेतला होता, पण नागानोपूर्वी त्याच्या पदरात एकच पदक होते : १९८० साली इवान लेबानोव्ह यांनी क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये मिळवलेले कांस्य.

दाफोव्स्का यांचा जन्म दक्षिण बल्गेरियातील रोडोपी डोंगररांगांतल्या चेपेलारे या छोट्या गावी झाला. पाम्पोरोवो हे हिवाळी पर्यटनाचे ठिकाण तिथून जवळ आहे आणि खुद्द गावात स्की बनवण्याचा कारखाना आहे. बर्फावरचे खेळ तिथल्या रोजच्या जगण्याचाच भाग. मोठी बातमी होण्याआधीच त्यांचे नाव या खेळातल्या जाणकारांना ठाऊक झाले होते, कारण १९९५ साली इटलीतील अँतरसेल्वा येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी १५ किमी शर्यतीत कांस्यपदक मिळवले. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या.

बायथलॉन म्हणजे क्रॉस-कंट्री स्कीइंग आणि रायफल नेमबाजी यांचा जोडखेळ. किमान साडेतीन किलोची .२२ रायफल पाठीवर घेऊन खेळाडू चढ-उतार कापतो, धापा टाकत नेमबाजीच्या जागी येतो आणि ५० मीटरवरच्या पाच काळ्या चकत्यांवर नेम धरतो. गोळी बरोबर लागली की चकतीच्या जागी पांढरा ठिपका दिसतो. पडून गोळ्या झाडताना लक्ष्य ४५ मिलिमीटरचे असते, उभ्याने झाडताना ११५ मिलिमीटरचे. उभ्याने नेम धरणे जास्त कठीण, कारण टेकायला जमीन नसते आणि छातीची धडधड थेट नळीपर्यंत पोहोचते. वैयक्तिक शर्यतीत पाच-पाच गोळ्यांच्या चार फेऱ्या होतात, आधी पडून, मग उभ्याने, पुन्हा तसेच. प्रत्येक चुकलेल्या गोळीमागे एकूण वेळेत एक मिनिट वाढते. चूक झाली की लहान दंडफेरी मारायची, अशी स्प्रिंटमधली (बायथलॉनच्या छोट्या शर्यतीतली) सवलत इथे नाही. त्यामुळे वेगापेक्षा हाताचा थंडपणा जास्त मोजणारी ही शर्यत आहे आणि दाफोव्स्का यांचा पिंड तिला साजेसा होता.

९ फेब्रुवारी १९९८ रोजी, नागानो ऑलिम्पिकच्या बायथलॉन शर्यती जिथे झाल्या त्या नोझावा ओन्सेन येथे, त्यांची वीसपैकी एकच गोळी चुकली आणि त्यांनी ५४ मिनिटे ५२.० सेकंदांत शर्यत पूर्ण केली. युक्रेनच्या ओलेना पेत्रोव्हा १७.८ सेकंदांनी मागे राहिल्या, तर जर्मनीच्या उशी डिझल २५.९ सेकंदांनी. आणखी एक गोळी हुकली असती, तर दाफोव्स्का सुवर्णच काय, कांस्यालाही मुकल्या असत्या. या विजयाची किंमत प्रतिस्पर्ध्यांकडे पाहिल्यावर नीट कळते. स्वीडनच्या माग्दालेना फोर्सबर्ग यांनी त्या काळात सलग सहा हंगाम विश्वचषकाचे (हंगामभर चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेचे) एकूण विजेतेपद राखले आणि डिझल या जर्मनीच्या बलाढ्य संघातल्या अव्वल खेळाडू होत्या. पण ऑलिम्पिकचे वैयक्तिक सुवर्ण दोघींनाही कधी मिळाले नाही. बायथलॉनच्या परंपरागत सत्ता म्हणजे जर्मनी, नॉर्वे आणि रशिया. अशा संघांच्या गर्दीत छोट्या देशाच्या बावीस वर्षांच्या खेळाडूने मिळवलेले यश या खेळातल्या मोठ्या विजयांत गणले गेले पाहिजे.

पुढे त्यांनी विश्वचषकाच्या शर्यतीही जिंकल्या, मात्र ऑलिम्पिक पदक पुन्हा हाती आले नाही. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये पाठलाग शर्यतीचे कांस्य त्यांच्याच संघातील इरिना निकुलचिना यांनी पटकावले. नागानोनंतर चारच वर्षांत आलेले हे पदक पाहता बल्गेरियाचा महिला संघ एका खेळाडूच्या भरवशावर उभा नव्हता, हे स्पष्ट होते. २००६ च्या तोरिनो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात बल्गेरियाचा ध्वज दाफोव्स्का यांच्या हाती होता. स्पर्धात्मक कारकीर्द संपल्यावर त्या बल्गेरियन बायथलॉन महासंघाच्या अध्यक्ष झाल्या.