डायलिसिसमध्ये पायात गोळे का येतात, त्यामागचा इतिहास

डायलिसिसच्या शेवटच्या तासात पोटरीत गोळा येतो, हे ज्यांच्या घरात डायलिसिस चालू आहे त्यांना सांगायला नको. माझ्या मावशीला यायचे तेव्हा पोटरीवर हात ठेवला की दगड लागावा तसा स्नायू लागायचा, पायाची बोटं वाकडी व्हायची, आणि आजूबाजूच्या बेडवरचे लोक मान वळवून बघायचे कारण ते दुखणं त्यांनाही ओळखीचं. सिस्टर यायची, पाणी काढणं बंद करायची, थोडं सलाइन सोडायची, टेक्निशियन पाऊल धरून बोटं नडगीकडे दाबायचा, पाच-दहा मिनिटांत सुटायचं. आणि मग कुणीतरी म्हणायचंच, "पाणी जास्त प्यायलात ना?"

हे उत्तर खोटं नाही पण अर्धंच आहे, आणि ते सगळा दोष पेशंटच्या गळ्यात टाकतं म्हणून मला ते फार लागतं. उरलेलं अर्धं उत्तर डायलिसिस इतकं फास्ट कसं झालं त्या इतिहासात आहे.

आधी शरीरात काय होतं ते बघू. किडनी काम करेनाशी झाली की पाणी अंगात साठतं, आणि मशीन ते काढतं ते फक्त रक्तातून. पण साठलेलं बरंचसं पाणी रक्तात नसतंच, ते रक्तवाहिन्यांच्या बाहेर, पायात, पोटात, अंगभर पसरलेलं असतं, तिथून ते हळूहळू रक्तात परत यावं लागतं. विहिरीला पंप लावला आणि झऱ्यापेक्षा उपसा जास्त झाला की विहीर कोरडी पडते, आजूबाजूच्या जमिनीत ओल असली तरी, तसंच हे. रक्तातलं पाणी असं कमी झालं की शरीर बीपी सांभाळायला हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं, स्नायूंना रक्त कमी पोचतं, त्यात सोडियमची, म्हणजे मिठाची, गडबड झाली तर भर पडते. नेमका गोळा कसा बांधला जातो यावर डॉक्टर मंडळींचं आजही पूर्ण एकमत नाहीये, पण पाणी वेगाने निघणं आणि मीठ कमी पडणं हे दोन धागे सगळीकडे दिसतात.

यातला मिठाचा धागा डायलिसिसपेक्षा जुना आहे. ब्रिटनच्या खोल कोळसा खाणींमध्ये कामगार उकाड्यात घामाने निथळायचे, वरून नुसतं पाणी प्यायचे, आणि मग हातापायात, पोटात भयंकर गोळे यायचे. मॉस नावाच्या संशोधकाने १९२३ मध्ये यावर लिहिलं, की घामातून मीठ जातं आणि साध्या पाण्याने उरलेलं आणखी पातळ होतं, पाण्यात थोडं मीठ घातलं तर त्रास टळतो. पुढे १९३०च्या दशकात मॅकन्स या संशोधकाने बिनमिठाचं जेवण आणि मुद्दाम घाम काढणं असे प्रयोग स्वतःवर आणि इतरांवर करून हेच दाखवलं, त्यातही गोळे आले. म्हणजे डायलिसिस यायच्या आधीच डॉक्टरांना माहीत होतं की मीठ उतरलं की स्नायू आखडतात.

मग कोल्फ. हॉलंडमधल्या कांपेन गावात, जर्मन सैन्याच्या ताब्यातल्या देशात, विलेम कोल्फ या डॉक्टरने १९४३ मध्ये फिरत्या लाकडी ड्रमवर सेलोफेनची नळी गुंडाळून मशीन बनवलं, नळी तीच जी सॉसेज भरायला वापरतात. १९४५ मध्ये त्या मशीनवर पहिली पेशंट वाचली. पण या ड्रमवर रक्त साफ व्हायचं, पाणी मात्र नीट काढता यायचं नाही. स्वीडनमध्ये लुंड इथे निल्स आल्वालने डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारा भाग, बंद भांड्यात बसवून दाबाच्या जोरावर पाणी ओढून घ्यायची सोय केली. आज मशीनवर यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे किती पाणी काढायचं) म्हणून जो आकडा सेट करतात त्याची सुरुवात इथे.

तेव्हा डायलिसिस म्हणजे किडनी तात्पुरती बंद पडलेल्यांसाठी. कायमचं डायलिसिस सुरू झालं अमेरिकेत सिएटलला, मार्च १९६० मध्ये, बेल्डिंग स्क्रिब्नरने क्लाइड शील्ड्स या पेशंटच्या हातात पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली तेव्हा. शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षं जगले. आपल्याला इथे महत्त्वाचं ते म्हणजे वेळ. सुरुवातीला डायलिसिस २४ तास आणि त्याहूनही जास्त चालायचं, नंतर आठवड्यातून दोनदा दहा-बारा तास किंवा जास्त, मग घरी रात्री झोपेत आठ तास तीनदा. पाणी इतकं हळू निघायचं की शरीराला भरून काढायला वेळ मिळायचा. याच काळात ड्राय वेट ही कल्पना पक्की झाली, म्हणजे जादा पाणी काढल्यावर ज्या वजनाला बीपी ठीक राहतं ते वजन.

पण गोळे तेव्हाही यायचे, आणि त्याचं एक कारण डायलिसिसच्या पाण्यातलं, म्हणजे डायलायझरमध्ये रक्ताच्या बाहेरून फिरणाऱ्या द्रावणातलं मीठ. त्या काळी पाणी काढायची मशीनची ताकद कमी, म्हणून शरीरातलं मीठ खेचून घ्यायला डायलिसिसच्या पाण्यात सोडियम मुद्दाम कमी ठेवायचे, १३० (लिटरमागे मिलिइक्विव्हॅलंट) च्या आसपास किंवा खालीसुद्धा, जेव्हा आपल्या रक्तात ते १४० च्या जवळपास असतं. १९७२ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डॉक्टरांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की हे सोडियम वाढवलं तर गोळे कमी होतात. खाणकामगारांचीच गोष्ट, फक्त घामाच्या जागी मशीन. हळूहळू सगळीकडे सोडियम वर गेलं, आज साधारण १३५ ते १४० च्या पट्ट्यात असतं.

अ‍ॅसिटेटचीही एक वेगळी कहाणी आहे. बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल कमी करायला डायलिसिसच्या पाण्यात घालतात ते) आणि कॅल्शियम एकाच कॅनमध्ये ठेवले की साका बसतो, म्हणून १९६४ पासून बायकार्बोनेटऐवजी अ‍ॅसिटेट वापरायला लागले, स्वस्त आणि सोपं. मंद डायलिसिसमध्ये चाललं. पण पुढे डायलायझर जोरदार झाले तेव्हा एवढं अ‍ॅसिटेट एकदम रक्तात जाऊन रक्तवाहिन्या सैल पडायच्या, बीपी पडायचं, मळमळ आणि गोळे. १९८०च्या दशकात मशीन दोन वेगळी द्रावणं स्वतःच मिसळायला लागली आणि बायकार्बोनेट परत आलं. आज बेडजवळ पार्ट ए आणि पार्ट बी असे दोन कॅन दिसतात ना, ते यामुळे.

आता खरी गोम. १९६०च्या दशकाच्या शेवटी बारीक केसांसारख्या पोकळ धाग्यांचा डायलायझर आला, आणि त्यामुळे आठ-दहा तासांचं काम चार तासांत व्हायला लागलं, निदान युरियाच्या, म्हणजे रक्तात साठणाऱ्या एका कचऱ्याच्या, हिशोबाने. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने सरकारने डायलिसिसचा खर्च उचलला, पेशंट झपाट्याने वाढले, एका मशीनवर दिवसात जास्त शिफ्ट बसवायची गरज आली. त्यातच १९८१ मध्ये एका मोठ्या अमेरिकन अभ्यासाचे निकाल आले, त्यात युरिया किती उतरतो याला महत्त्व मिळालं आणि सेशन किती तासांचं याचा परिणाम आकडेशास्त्राच्या रेषेच्या अगदी काठावर अडकला, थोडक्यात 'सिद्ध झाला नाही' असं ठरलं. माझ्या मते पेशंटचं सगळ्यात जास्त नुकसान या वाचनाने केलं. युरिया लवकर निघतो हो, पण अंगातलं पाणी रक्तात परत यायचा वेग कुठलाही डायलायझर वाढवू शकत नाही. काही ठिकाणी तर तीन तासांच्याही खाली आणलं डायलिसिस.

फ्रान्समधल्या तासां गावच्या सेंटरने मात्र आठ तास, आठवड्यातून तीनदा हेच सोडलं नाही, आणि तिथल्या बहुतेक पेशंटचं बीपी औषधांशिवाय ताब्यात राहायचं हे त्यांनी वर्षानुवर्षं छापून दाखवलं.

बाकी जगाने वेळ वाढवायच्या ऐवजी उपाय शोधले. सोडियम प्रोफाइलिंग म्हणजे सुरुवातीला सोडियम जास्त ठेवून नंतर उतरवत न्यायचं, त्याने गोळे कमी होतात पण जादा मीठ अंगात राहिलं की घरी जाऊन तहान लागते, पेशंट पाणी पितो, पुढच्या वेळी वजन जास्त, पाणी जास्त काढायचं, परत गोळे. आणि परत तोच प्रश्न, "पाणी प्यायलात ना?" इटलीच्या माज्जोरेने १९८०च्या सुमाराला डायलिसिसचं पाणी थोडं थंड ठेवलं की बीपी पडायचं प्रमाण कमी होतं हे दाखवलं, ते आजही वापरतात, पेशंटला थंडी वाजते एवढंच. कडक (जास्त मिठाचं) सलाइन आणि ग्लुकोज शिरेतून द्यायची पद्धतही जुनी, कारण दोन्ही आजूबाजूचं पाणी रक्तात खेचतात. व्हिटॅमिन ई, सी, कार्निटीन यांचे प्रयोग झाले पण अभ्यास लहान लहान आहेत.

क्विनीनबद्दल थोडं सविस्तर, कारण घरगुती सल्ला म्हणून ते अजून फिरतं. मलेरियाचं हे औषध १९४० पासून रात्री पायात येणाऱ्या गोळ्यांना द्यायचे, १९७६ मध्ये डायलिसिसमध्ये येणाऱ्या गोळ्यांवरही उपयोगी असं छापून आलं. पण त्याने प्लेटलेट धोकादायकरीत्या उतरणं, हृदयाचे ठोके बिघडणं असे प्रकार झाले, काही जीवही गेले. अमेरिकेच्या औषध खात्याने १९९४ मध्ये पायात येणाऱ्या गोळ्यांसाठी ते चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली आणि २००६ मध्ये परवाना नसलेल्या सगळ्या क्विनीनच्या गोळ्या बाजारातून काढायला लावल्या. तेव्हा कुणी सांगितलं म्हणून आणून खाऊ नका, प्लीज.

गेल्या वीसेक वर्षांत चर्चा परत वेगावर आलीय. २००६ आणि २०११ च्या मोठ्या अभ्यासांत दिसलं की दर किलो वजनामागे तासाला १० ते १३ मिलीच्या वर पाणी काढलं तर मृत्यूचं प्रमाण जास्त. ६० किलोच्या माणसाला १३ च्या हिशोबाने तासाला ७८० मिली, चार तासांत तीन लिटरच्या जरा वर. आता आपल्याकडे बघा, महाराष्ट्रात काय किंवा देशात काय, खूप पेशंट आठवड्यातून दोनदाच येतात, पैसे, प्रवास, बेड, सगळ्याचीच अडचण. मध्ये तीन-चार दिवसांची गॅप पडते, त्याच माणसाचं वजन चार किलो वाढलं तर चार तासांत काढायला वेग जवळजवळ १७ होतो. मर्यादेत राहायचं तर पाच तासांच्या वर बसावं लागेल, किंवा तिसरं सेशन घ्यावं लागेल. सरकारी योजना आल्यापासून डायलिसिस गावाजवळ पोचलं ही मोठी गोष्ट आहे, २०१६ चा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम, आपल्याकडची महात्मा फुले योजना, यामुळे कितीतरी लोक जगतायत. पण हिशोब सेशनवर होतो, तासावर नाही, आणि शिफ्ट संपली की पुढचा पेशंट बाहेर बसलेला असतोच.

लोणचं, पापड, फरसाण कमी केलं तर तहान खरंच कमी होते, ते करायचंच. पण गोळे परत परत येत असतील तर डॉक्टरांना या गोष्टी नक्की विचारा: तासाला किती पाणी काढताय, ड्राय वेट शेवटचं कधी तपासलं (तब्येत सुधारली, जेवण वाढलं की अंगावर मांस येतं आणि जुनं ड्राय वेट खोटं ठरतं, मग नसलेलं पाणी काढलं जातं), सोडियम कितीवर आहे, आणि अर्धा-एक तास वाढवून मिळेल का. मावशीचं ड्राय वेट असंच दीड किलोने वाढवलं होतं, त्यानंतर तिचे गोळे बरेच कमी झाले, आणि पाणी ती आधीइतकंच पीत होती.