पृथ्वी फिरते, पण मुंबई जवळ येत नाही

नांदेडच्या विमानतळावर सोडायला आलेला एखादा मामा हमखास सांगतो, "पृथ्वी पूर्वेकडं फिरते, म्हणून मुंबईला जाताना विमान लवकर पोचतंय बघ." साफ चूक. नांदेडपाशी जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगानं फिरते. मामाचं खरं असतं तर हेलिकॉप्टर नुसतं हवेत उभं केलं, की सरळ रेषेत ४७० किलोमीटरवरची मुंबई १८ मिनिटांत खाली आली असती. तिकीट कशाला मग! हवाही जमिनीसोबतच फिरते; धावत्या एसटीत वर उडवलेला शेंगदाणा आपल्याच हातात पडतो, तसं. फरक पाडतो तो वारा. हिवाळ्यात उंचावर तो पश्चिमेकडून जोरात वाहतो, त्यामुळं उलट मुंबईहून परत येतानाच वेळ वाचतो.