डग्गा कुठे गेला?

जुन्या बाजारातून आणलेलं टर्नटेबल पहिल्यांदा घरी लावलं तेव्हा मी एक गाढवपणा केला. ॲम्प्लिफायरच्या मागे जी पहिली मोकळी भोकं दिसली, म्हणजे 'ऑक्स' लिहिलेली, त्यांत वायर खुपसली. तबकडी ख्यालाची होती. सुई टेकली आणि शेजारच्या घरात ट्रान्झिस्टर चालू असावा तसा आवाज आला. व्हॉल्यूम जवळजवळ शेवटपर्यंत फिरवला, तेव्हा कुठे गाणं खोलीत आलं. पण बंदिशीच्या शब्दांतला प्रत्येक 'स' कानात टोचत होता, तबल्याची चाट कडकड वाजत होती, आणि डग्गा? डग्गा नव्हताच. ठेका एकहाती चाललेला. तबकडी झिजकी असणार, विकणाऱ्यानं टोपी घातली, अशी समजूत करून घेऊन मी ती कपाटात ठेवून दिली. आठवड्याभरानं एक जाणता मित्र घरी आला. त्यानं वायर काढून शेजारच्या 'फोनो'च्या भोकांत घातली आणि डग्गा घुमला.

तबकडी ठणठणीत होती. तिच्यात डग्गा मुद्दामच दाबून कोरला होता.

शौकिनांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: 'डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे पाडतात, तबकडीत तो जसाच्या तसा असतो.' तबकडीवर माझंही प्रेम आहे, पण हे वाक्य खरं नाही. तिच्या खाचेत असतो तो ठरवून बिघडवलेला आवाज. तो कसा दुरुस्त करायचा हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून आपल्याला ते कळत नाही, एवढंच.

बिघडवायचा कशाला, ते समजायला जागेचा हिशोब मांडावा लागतो. 30 सेंटिमीटर व्यासाची एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी, मिनिटाला 33⅓ फेरे घेते. एका बाजूला 22 मिनिटांचं गाणं धरलं, तर सव्वासातशेहून जास्त फेरे झाले. कडेपासून लेबलाच्या अलीकडेपर्यंत हे सगळे फेरे साडेआठ सेंटिमीटरच्या पट्ट्यात बसवायचे. म्हणजे एका फेऱ्याच्या वाट्याला 0.12 मिलिमीटरही येत नाही. ही सगळी खाच उलगडून सरळ पसरली, तर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास भरेल.

आता सुईकडे या. सुई ज्या डबीत बसवलेली असते ती कार्ट्रिज. नेहमीच्या कार्ट्रिजमध्ये सुईच्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला इवलंसं चुंबक असतं आणि त्याच्या बाजूला तारेची वेटोळी. सुई थरथरते, चुंबक हलतं, वेटोळ्यांत वीज उमटते. ही वीज सुई किती लांब हलली यावर नाही, किती वेगानं हलली यावर ठरते. मेख इथेच आहे. सेकंदाला हजार वेळा हलणारी सुई इवल्याशा हेलकाव्यातही चांगला वेग गाठते. सेकंदाला पन्नासच वेळा हलणाऱ्या सुईला तेवढाच वेग गाठायचा, तर हेलकावा वीसपट लांब घ्यावा लागतो. खर्जाला जागा लागते ती अशी. डग्ग्याचा घुमारा आहे तसा कोरायचा, तर खाच शेजारच्या फेऱ्यात घुसेल. ते टाळायला फेरे लांब लांब ठेवले, तर 22 मिनिटांचा विलंबित ख्याल निम्म्यावरच कापावा लागेल.

भोंग्याच्या काळात ही अडचणच नव्हती. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान गायल्या तेव्हा त्यांच्यासमोर मायक्रोफोन नव्हता, भोंगा होता. आवाजाच्या धक्क्यानंच सुई हलायची आणि मेणात खाच पडायची. भोंग्याला खर्ज धडपणे पकडताच येत नसे, मग तो मावायचा कुठे हा प्रश्न कोण विचारणार? 1925च्या सुमाराला मायक्रोफोन आला, खर्ज पकडला जाऊ लागला आणि खाचेला तो जड जाऊ लागला.

उपाय सरळ निघाला. कोरताना खर्ज दाबायचा, वाजवताना तेवढाच वर उचलायचा. वरच्या पट्टीचं उलट: झांजेची किणकिण, तंबोऱ्याच्या जवारीतला झिणझिणाट हे कोरताना चढवायचं आणि वाजवताना उतरवायचं. त्यात एका दगडात दोन पक्षी मारले गेले. तबकडीची स्वतःची खरखर बरीचशी वरच्या पट्टीत असते. वाजवताना ती पट्टी उतरवली की तिच्याबरोबर खरखरही उतरते.

पण किती दाबायचं, किती चढवायचं, हे प्रत्येक कंपनीचं आपापलं होतं. एलपी 1948 साली अमेरिकेत बाजारात आली, तरी काही वर्षं हा सावळा गोंधळ चालूच होता. 1954मध्ये अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेनं, म्हणजे आरआयएएनं, एक आलेख ठरवून दिला आणि हळूहळू तो जगभर चालू झाला. या आलेखाप्रमाणे 1000 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला हजार कंपनांच्या) तुलनेत 100 हर्ट्झचा आवाज साडेचार पटींनी दबलेला असतो, 10,000 हर्ट्झचा जवळपास पाचपट चढलेला. माझ्या घरी त्या दिवशी नेमकं हेच कच्चं रूप वाजत होतं. 'फोनो'च्या भोकांमागे हा आलेख उलटा फिरवणारं सर्किट असतं, 'ऑक्स'मागे नसतं. शिवाय कार्ट्रिजमधून येतात जेमतेम 5 मिलिव्होल्ट, तर सीडी प्लेअर देतो 2 व्होल्ट. व्हॉल्यूम शेवटपर्यंत का न्यावा लागला, तेही कोडं सुटलं.

या युक्तीनं सुटत नाही अशीही एक अडचण आहे, आणि आपल्या संगीताला ती जरा जास्तच जाचते. तबकडीच्या फेऱ्यांची गती कायम असते, पण फेरा आत आत लहान होत जातो. कडेला सुईखालून सेकंदाला 51 सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ फक्त 21. म्हणजे 10,000 हर्ट्झची एक लाट कडेला 51 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असते, आत येईतो ती 21 मायक्रॉनांत कोंबलेली असते. आणि साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच 18 मायक्रॉन. अरुंद खड्ड्यात बैलगाडीचं चाक तळाला टेकत नाही, वरच्या वर ओलांडून जातं, तसं या सुईचं होतं. बारीक वळणं सुटतात, 'स' फाटतो.

एका बाजूला एकच राग असलेली एलपी डोळ्यांपुढे आणा. संथ आलाप आणि विलंबित वाट्याला येतात तिथे कडेची ऐसपैस जागा, आणि द्रुत लयीतल्या, दाणेदार तानांची गर्दी झालेल्या शेवटाला नेमकी लेबलाजवळची अडचणीची जागा. गाणं रंगात येतं तिथेच तबकडी हात आखडता घेते. यात दोष ना गायकाचा, ना कंपनीचा.

लंबवर्तुळाकार टोकाची सुई घेतली तर बराच फरक पडतो, कारण तिची कड बारीक असते आणि लाटेच्या पोटात शिरते. दुसरी गोष्ट कार्ट्रिजच्या कोनाची. कार्ट्रिज धरणारा लांब दांडा एका टोकाला खिळलेला, त्यामुळे तो कमानीत फिरतो. खाचेशी कार्ट्रिज अगदी समांतर येतं ते दोनच ठिकाणी, नेहमीच्या मांडणीत केंद्रापासून साधारण 66 आणि 121 मिलिमीटरवर. हे जुळवायला छापील कागदाचा एक तुकडा, बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास न देता स्पीकरच्या वायरीवर पंधरा-वीस हजार घालवणारे लोक मी पाहिले आहेत. पैसे त्यांचे, पण द्रुतातला 'स' वायरीनं सुधारत नाही.

मैफलीच्या शेवटी असते भैरवी, आणि एक भैरवी सध्या ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. 1977मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' आहे, सोबत वाजवायला कार्ट्रिज आणि सुईही ठेवली आहे. जास्त मजकूर मावावा म्हणून ही तबकडी एलपीच्या निम्म्या गतीनं, मिनिटाला 16⅔ फेऱ्यांनी वाजवायची आहे. म्हणजे तिच्या अगदी बाहेरच्या कडेलाही खाच सरकणार सेकंदाला पंचवीसेक सेंटिमीटर, आपल्या एलपीवर द्रुत संपत आलेलं असतं तिथल्याइतकीच.