पटलहीन पेशीअंगके

स्वतःभोवती मेद-प्रथिनांचे पटल नसूनही ठरावीक घडण आणि ठरावीक काम असलेल्या पेशीतील रचना. रायबोसोम, केंद्रकी, तारककाय, पेशीकंकाल आणि प्रोटिआसोम या त्यांतल्या ठळक. पटल असेल तरच अंगक, असे मानणारे अभ्यासक रायबोसोमाला केवळ मोठे रेण्वीय यंत्र समजतात. वाद व्याख्येपुरता आहे. जिवाणूंत तंतुकणिका, गॉल्जी पिंड ही पटल असलेली अंगके नसतात, पण रायबोसोमाशिवाय एकाही जिवाणूचे चालत नाही.

प्रथिने बनवणारा रायबोसोम साधारण २० ते ३० नॅनोमीटरचा असतो. जॉर्ज पलाडे यांनी १९५५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्याचे वर्णन केले. त्याचे दोन भाग असतात. लहान भाग संदेशवाहक आरएनएवरील अक्षरे तीन-तीन करून वाचतो, मोठा भाग अमिनो आम्ले एकमेकांना जोडतो. ही जोडणी प्रथिने नव्हे, तर रायबोसोमातला आरएनएच करतो. ही रचना अणूंच्या पातळीवर उलगडल्याबद्दल वेंकटरामन रामकृष्णन, टॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जिवाणूंचे रायबोसोम ७०एस, तर माणसाच्या पेशीद्रव्यातले ८०एस (एस हे कण वेगाने फिरवल्यावर तळाशी किती लवकर बसतो, याचे एकक). क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन या फरकावरच चालते. तंतुकणिकांतले रायबोसोम मात्र जिवाणूंच्या वळणाचे असल्याने हा भेद पूर्णपणे काटेकोर नाही.

रायबोसोम कोणाचाही संदेश वाचतो. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी भाग तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. या पिकावरील मोझॅक विषाणूकडे स्वतःचा रायबोसोम नसतो. तो आपला आरएनए पानाच्या पेशीत सोडतो आणि झाडाचेच रायबोसोम त्याची प्रथिने बनवू लागतात. पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे दिसेपर्यंत हे काम बरेच पुढे गेलेले असते.

रायबोसोमाचे भाग केंद्रकीत तयार होतात. सीमाभागातल्या कॉलेजांत कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात, तेव्हा केंद्रकात एखाद-दुसरा गोल ठिपका दिसतो, तीच केंद्रकी. पेशी विभाजनाला लागली की ती विरघळते आणि विभाजन संपत आले की पुन्हा जमते. अंगक असे मोडून पुन्हा उभे कसे राहते, याचा उलगडा तुलनेने अलीकडचा. क्लिफर्ड ब्रँगविन, अँथनी हायमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एका सूत्रकृमीच्या गर्भपेशीतले पी-कण, म्हणजे प्रथिने व आरएनए यांचे पुंजके, द्रवाच्या थेंबांसारखे वागतात, हे दाखवले. आमटीवरचे तेलाचे थेंब जसे एकमेकांना भेटले की एक होतात, तसेच हे कण. काही प्रथिने व आरएनए परस्परांना सैलसर धरून भोवतालच्या द्रवातून वेगळे होतात. उष्णतेचा ताण आला की असेच ताणकण बनतात. त्यांत संदेशवाहक आरएनए थांबवून ठेवला जातो आणि ताण ओसरल्यावर कण विरतात. पटल नसणे ही उणीव नव्हे, या रचनांची ती सोयच आहे.

प्रोटिआसोम हे नळकांड्यासारखे असून युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागलेली प्रथिने त्यात तोडली जातात. पेशीकंकालात ७ नॅनोमीटरचे ॲक्टिन तंतू, सुमारे १० नॅनोमीटरचे मध्यम तंतू आणि २५ नॅनोमीटरच्या सूक्ष्मनलिका असतात. आकार, हालचाल आणि पेशीतली वाहतूक त्यांच्यावर अवलंबून असते. प्राणिपेशीच्या तारककायात दोन तारककेंद्रे असतात आणि प्रत्येकात सूक्ष्मनलिकांची नऊ त्रिके. कांद्यासारख्या सपुष्प वनस्पतींत तारककेंद्रे नसतात, तरीही विभाजनाची तर्कू, म्हणजे गुणसूत्रे ओढून वेगळी करणारी सूक्ष्मनलिकांची रचना, नीट उभी राहते; त्यामुळे तारककेंद्राशिवाय विभाजनच नाही, हा समज चुकीचा.

सूक्ष्मनलिका टिकून राहत नाहीत, एका टोकाने वाढतात आणि विस्कटतात. पावसाळ्यात खानापूरकडच्या सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीत कोल्चिसिन असते. ते सूक्ष्मनलिकेचे घटक असलेल्या ट्युब्युलिन प्रथिनाला चिकटून तर्कू उभी राहू देत नाही. कळलावी विषारी ठरते ती मुख्यतः यामुळे, आणि गुणसूत्रे दुप्पट झालेली रोपे मिळवण्यासाठी वनस्पती-पैदासकार कोल्चिसिन वापरतात तेही याच गुणासाठी.