सगळ्यांचा मिळून एक आयडी

महिन्याची 20 तारीख जवळ आली की इंदूरच्या कर सल्लागारांची धावपळ सुरू होते. जीएसटीआर-3बी हा जीएसटीचा मासिक रिटर्न भरायचा असतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली रामबागेतल्या ऑफिसच्या सर्व्हरवर आणि काम करणारी मंडळी सुदामानगरात, महूला, आपापल्या घरी. मग जो तो ‘रिमोट घेतो’, म्हणजे घरबसल्या तो सर्व्हर चालवतो. आयडी पुष्कळदा सगळ्यांचा एकच असतो, ॲडमिनिस्ट्रेटर. पासवर्डही तसाच, इंदोर@123.

हा पासवर्ड विंडोजच्या नियमांत चपखल बसतो. मोठं अक्षर, लहान अक्षरं, आकडे, चिन्ह, सगळं हजर. पण हे नियम पासवर्ड फोडणाऱ्यालाही पाठ असतात, त्यामुळे शहराचं नाव आणि पुढे @123 हे त्याच्या डोक्यात आधी येतं. गंमत म्हणजे पासवर्ड कोरा असता तर विंडोजने बाहेरून कुणालाच आत घेतलं नसतं. कोऱ्या पासवर्डच्या खात्यात त्या मशिनसमोर बसूनच शिरता येतं, हे तिचं मूळ सेटिंग आहे. (म्हणून कोरा ठेवा, असं नव्हे!)

दूरून काम करू देणारी विंडोजची ही सोय म्हणजे रिमोट डेस्कटॉप. ती 3389 या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या त्या क्रमांकाच्या दारावर चालते. राउटरमधून हा पोर्ट थेट इंटरनेटला उघडला की बॉट, म्हणजे आपोआप पासवर्ड लावून पाहणारे प्रोग्राम, येऊन धडकतात. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये 4625 हा क्रमांक शोधा. फसलेलं प्रत्येक लॉगिन तिथे नोंदलेलं असतं. ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, यूजर, टेस्ट अशा नावांच्या ओळीच्या ओळी दिसतात, रात्री तीन वाजताच्यासुद्धा. पोर्टचा क्रमांक बदलून बॉट थोडे कमी होतात, इतकंच. व्हीपीएनच्या, म्हणजे फक्त आपल्या माणसांसाठीच्या बंदिस्त वाटेच्या आड ठेवणं उत्तम.

यावर उपाय म्हणजे अकाउंट लॉकआउट. दहा वेळा चुकलं की खातं दहा मिनिटं बंद. म्हणजे एका खात्यावर दिवसाला फार तर 1,440 अंदाज. आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या जुळण्या होतात सुमारे 20,880 कोटी, तेव्हा अक्षरं खरोखर अललटप्पू निवडलेली असतील तर सगळ्या तपासायला 4 लाख वर्षं लागतील. इंदोर@123 पहिल्याच रात्री जाईल.

पण खातं एकच असेल तर हाच उपाय उलटतो. बॉटने दहा चुका केल्या की दार सगळ्या ऑफिसला बंद, तेही नेमकं 20 तारखेला. मूळ ॲडमिनिस्ट्रेटर खात्याला लॉकआउट लावायची सोय तर ऑक्टोबर 2022 च्या अपडेटनंतर आली, आणि आधीपासून चालत असलेल्या मशिनवर ती हाताने चालू करावी लागते. तोवर त्या खात्यावर कितीही अंदाज करा, अडवणारं कुणी नव्हतं.

म्हणून माणशी एक खातं, तेही साधं, ‘रिमोट डेस्कटॉप यूजर्स’ गटातलं. मग लॉकआउट झाला तर एकट्याची खोटी होते, आणि लेजरमध्ये कुणी काय केलं याचा छडाही लागतो. ॲडमिनिस्ट्रेटरला बाहेरून येऊच देऊ नये. हल्लेखोर यावरही तोडगा काढतात: एकच पासवर्ड शंभर नावांवर एकेकदा लावून पाहायचा, म्हणजे कुठलंच खातं लॉक होत नाही. त्यापुढे लांब पासवर्ड आणि मोबाइलवरचा दुसरा कोड हेच कामाला येतात.

वेगळ्या खात्यांचा खरा फायदा कळतो तो कुणी नोकरी सोडल्यावर. एरवी सगळ्यांचा पासवर्ड बदला, सगळ्यांना फोन करा. इथे एकच खातं बंद. बंद म्हणजे डिसेबल, डिलीट नव्हे. विंडोज माणसाला नावाने नाही, एसआयडी नावाच्या लांबलचक क्रमांकाने ओळखते. खातं पुसून त्याच नावाने पुन्हा काढलं तरी एसआयडी नवा मिळतो, आणि फोल्डरवरचे जुने हक्क त्याला लागू होत नाहीत.

शिवाय डिसेबल केल्याने चालू असलेलं सेशन, म्हणजे आधीच झालेलं लॉगिन, तुटत नाही. फुलीवर क्लिक करून रिमोटची खिडकी बंद केली असेल तर ते सर्व्हरवर तसंच पडून असतं. टास्क मॅनेजरच्या यूजर्स टॅबमध्ये जाऊन त्या नावावर राइट क्लिक करायचं आणि साइन ऑफ.