सिकलसेल आजाराचे संशोधन (खानदेश)

सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक व जन्मभर सोबत राहणारा विकार आहे. प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल आल्यामुळे प्राणवायू कमी पडताच पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठरतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून हाडे-सांध्यांच्या असह्य वेदना, पंडुरोग, वरचेवर जंतुसंसर्ग आणि कालांतराने प्लीहा, मूत्रपिंड व मेंदू यांची हानी संभवते. आई-वडील दोघेही वाहक (म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेले) असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. खानदेशात हा विकार मुख्यतः सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या तालुक्यांत आढळतो.

या आजाराचे पहिले वैद्यकीय वर्णन जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये शिकागोत केले, आणि भारतातील नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. वाहकांना मलेरियापासून काही संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले. हिवतापाच्या पट्ट्यात हे जनुक टिकून राहण्याचे कारण त्यातून समजते.

भारतीय रुग्णांत अरब-भारतीय प्रकारची जनुकीय ठेवण आढळते. तिच्यामुळे पेशींना वाकण्यापासून वाचवणाऱ्या गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण पुढेही जास्त राहते आणि आल्फा थॅलसीमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराची जोड असल्यास पेशींची मोडतोड घटते. यावरून आदिवासींमधील आजार सौम्य असतो, असे मत दीर्घकाळ रूढ होते. मात्र ते बव्हंशी दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्या किंवा शिबिरात सापडलेल्या, म्हणजे बालपण ओलांडून जगलेल्या रुग्णांवर आधारलेले होते. पाड्यावर निदानाविनाच दगावलेले मूल अशा गणतीत येतच नाही. खरे उत्तर जन्मापासून पाठपुरावा केलेल्या बालकांच्या अभ्यासातूनच मिळू शकते, आणि गुजरात व नागपूर येथील तशा अभ्यासांत काही बालकांना लहान वयातच गंभीर त्रास झालेला दिसला. त्यामुळे ‘सौम्य’ हे विशेषण सरसकट वापरणे धाडसाचे आहे.

तपासणीची साधनेही परिस्थितीनुसार निवडावी लागतात. स्वस्त विद्राव्यता चाचणी शिबिरात सोयीची असली, तरी वाहक व रुग्ण यांतील फरक ती सांगत नाही आणि सहा महिन्यांखालील बालकांत विश्वासार्ह ठरत नाही. पक्क्या निदानासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचण्यांपैकी एक लागते. त्याहून कठीण आहे तो पाठपुरावा. पावसाळा सरल्यावर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमारास परततात, तेव्हा ठरावीक मासिक भेटींवर बेतलेली संशोधनाची आखणी येथे हमखास कोलमडते. रुग्णाशी भिली वा पावरी बोलीत बोलणारी आशा कार्यकर्ती नसेल, तर वेदनेची तीव्रता विचारणारी प्रश्नावलीही निरुपयोगी ठरते.

औषधांत हायड्रॉक्सियुरिया प्रमुख आहे. त्याची उपयुक्तता १९९५ मध्ये अमेरिकेतील प्रौढांवरील चाचणीत सिद्ध झाली. आफ्रिकेतील चार देशांत मुलांना ते सुरक्षितपणे देता येते, हे मात्र २०१९ च्या सुमारास दिसून आले. भारतीय रुग्णांत कमी मात्राही उपयोगी पडते, असे ओडिशातील अनुभव सुचवतात. रक्तपेशींची संख्या वेळोवेळी तपासावी लागत असल्याने औषधाइतकेच जवळच्या प्रयोगशाळेलाही महत्त्व येते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी अपेक्षित असून २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट आहे.