गल्लीतले काँक्रीट: पुण्यातल्या प्रभागस्तरीय रस्तेकामांची पार्श्वभूमी

जवळपास चार वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर जानेवारी 2026 मध्ये पुणे महापालिकेची निवडणूक झाली. 41 प्रभागांतून 165 नगरसेवक सभागृहात आले आणि प्रभागातल्या कामांच्या याद्यांना पुन्हा नगरसेवकांची नावे लागण्याची वेळ आली. या याद्यांची भाषा पुणेकरांना पाठ आहे: अमुक गल्लीत काँक्रिटीकरण करणे, तमुक चौकात पदपथ दुरुस्त करणे, पावसाळी गटार टाकणे, पथदिवे बसवणे. पण लहान रस्त्यांवर काँक्रीटच का येते, मार्च महिन्यातच का येते आणि खोदाई होऊन गेल्यावर का येत नाही, हे एकट्या यादीवरून कळत नाही. त्यासाठी गेल्या वीसेक वर्षांत या कामांचा पैसा कुठून कुठे गेला ते पाहावे लागते.

त्याआधीचा काळ थोडक्यात. पुण्यात नगरपालिका आली 1857 मध्ये, महापालिका झाली 15 फेब्रुवारी 1950 रोजी. 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांची घडी मोडली, आणि त्यानंतर शहर पेठांबाहेर भराभर पसरले. सत्तरच्या दशकात पावसाने रस्ते वारंवार उखडू लागले, तेव्हा जंगली महाराज रस्त्याचे काम मुंबईच्या एका कंपनीला दिले गेले. तो रस्ता 1976 चा. कंपनीने 10 वर्षांची हमी लिहून दिली होती आणि रस्ता त्यापुढेही कित्येक वर्षे खड्ड्यांविना टिकला. पुण्यात खड्ड्यांचा विषय निघाला की कुणीतरी जंगली महाराज रस्त्याचे नाव घेतेच. कौतुक बहुधा डांबराचे होते. माझ्या मते त्या कामातली मोठी गोष्ट ती लेखी हमी होती. रस्ता करणारा आणि रस्त्याला जबाबदार असणारा एकच आहे, हे त्या कागदावर स्पष्ट होते.

पुढे या दोन गोष्टींची फारकत होत गेली. 74 वी घटनादुरुस्ती 1992 ची. तिच्यामुळे प्रभाग समित्या आल्या आणि क्षेत्रीय कार्यालयांना वजन मिळाले. या कार्यालयांना आजही सगळे वॉर्ड ऑफिसच म्हणतात. रस्त्यांची वाटणीही रुंदीवरून झाली. 12 मीटर आणि त्याहून रुंद रस्ते मुख्य पथ विभागाकडे, त्याहून अरुंद रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे. कागदावर हे सोपे दिसते. पण एकाच कोपऱ्यावर मोठा रस्ता एका खात्याचा, त्याला मिळणारी गल्ली दुसऱ्या खात्याची, आणि दोन्हींच्या खालून जाणारी ड्रेनेज लाइन तिसऱ्याची असते. तक्रार घेऊन गेलेला माणूस या तिघांमध्ये फिरत राहतो.

2005 मध्ये केंद्राची नागरी पुनरुत्थान योजना आली. तिचा पैसा मोठ्या रस्त्यांवर आणि डिसेंबर 2006 मध्ये कात्रज ते हडपसर सुरू झालेल्या बीआरटीवर, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकांवर, गेला. ऑक्टोबर 2008 मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा पुण्यात झाल्या आणि त्यांच्या तारखेच्या धाकाने निवडक रस्ते चकचकीत झाले. पुढेही हेच दिसले. जानेवारी 2023 मध्ये जी-20 ची बैठक झाली, जानेवारी 2026 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, आणि दोन्ही वेळा पाहुण्यांच्या वाटेवरचे रस्ते आधी झाले. गल्ल्यांची पाळी अशा पाहुणचारातून आलीच नाही. त्यांच्यासाठी पैसा दुसऱ्या दोन वाटांनी आला.

पहिली वाट नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकाची. 2006-07 पासून पुण्याने ती सुरू केली, आणि देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत ती मोजली जाते. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरायचा, आपल्या भागातले काम सुचवायचे, एका कामाला 5 लाखांची मर्यादा. पावसाळा संपता संपता फॉर्म घेतले जातात आणि पुढच्या आर्थिक वर्षात कामे येतात. बसथांब्याजवळ बाक, तुटलेल्या पदपथाचा तुकडा, अंधाऱ्या वळणावर दिवा अशी ही कामे असतात. रक्कम छोटी असली तरी काम सुचवणारा त्याच रस्त्याने रोज जाणारा असतो, त्यामुळे यातली बरीच मागणी दुरुस्तीची असते. प्रयोग चांगला होता आणि आहे. पण शहराच्या एकूण खर्चात त्याचा वाटा नेहमीच बारीक राहिला.

दुसरी वाट नगरसेवकांच्या निधीची. इथे दोन शब्द समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिला शब्द ‘स’ यादी. नगरसेवकांनी आपल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांची अंदाजपत्रकातली यादी म्हणजे ‘स’ यादी. बोलताना, आणि बातम्यांतही, तिची ‘सहयादी’ होते, त्यामुळे वाचणाऱ्याला ती मुख्य कामांना जोडलेली पुरवणी वाटते. प्रत्यक्षात आपल्या दारासमोर जे काही होते त्यातले बरेचसे याच यादीतून होते. आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा मांडतात, स्थायी समिती, म्हणजे खर्चाला मंजुरी देणारी निवडक नगरसेवकांची समिती, त्यात शेकडो कोटींची भर घालते, मग सर्व नगरसेवकांची मुख्य सभा मंजुरी देते. प्रभागातल्या कामांचा मोठा भाग या मधल्या टप्प्यावर आत येतो. उत्पन्न फुगवून धरलेले असते. त्यामुळे वर्षाच्या मध्यावर पैसा कमी पडतो आणि कुठली कामे गळणार हे वेगळ्याच टेबलावर ठरते.

दुसरा शब्द वर्गीकरण. शाळेत शिकलेल्या वर्गीकरणाशी याचा संबंध नाही. एका कामासाठी धरलेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवणे याला महापालिकेत वर्गीकरण म्हणतात. त्याची सोय असायलाच हवी. एखादी जागा ताब्यात आली नाही किंवा एखादी निविदा फसली, तर पैसा अडकून का राहावा? पण आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते आणि न वापरलेला निधी वाया जातो. म्हणून जानेवारीपासून स्थायी समितीपुढे वर्गीकरणाचे प्रस्ताव येऊ लागतात. जलवाहिनी, भूसंपादन, मैलापाणी अशा जमिनीखालच्या किंवा वेळखाऊ कामांचा पैसा महिन्या-दोन महिन्यांत उरकणाऱ्या कामांकडे सरकतो. बाक, कापडी पिशव्या, दिशादर्शक फलक, आणि सर्वांत जास्त म्हणजे गल्लीचे काँक्रीट. पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा हिशेब, तयार होते, अंदाजपत्रकातली रक्कम त्या कामापुरती ‘लॉक’ होते, निविदा निघते. मार्चमध्ये एका पेठेतून फिरलात तर तीन-चार बोळांच्या तोंडाशी पत्रे लावून काम चाललेले दिसते. ते काम त्याच महिन्यात निघायचे कारण रस्त्याच्या अवस्थेत नसून दिनदर्शिकेत असते.

काँक्रीटच का, याला समर्थकांचे उत्तर आहे आणि ते टाकाऊ नाही. अरुंद बोळात डांबराचा रोलर नीट फिरत नाही, पाणी साचले की डांबर सुटते, दोन पावसाळ्यांत पुन्हा खडी उघडी पडते. काँक्रीट नीट केले तर वीस वर्षे बघावे लागत नाही. पेठेतल्या रहिवाशांनी स्वतः काँक्रीट मागितल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. घराबाहेरचा चिखल गेला, म्हाताऱ्या माणसांना चालता आले, याचे मोल त्यांना कळते.

अडचण ‘नीट केले तर’ या अटीत आहे. जुना थर खरवडून काढायचा, उतार साधायचा, खालच्या लाइनी तपासायच्या, मग काँक्रीट टाकायचे आणि त्यावर दिवसचे दिवस पाणी मारायचे. मार्चच्या घाईत यातल्या पहिल्या तीन पायऱ्या गळतात आणि जुन्या रस्त्यावरच नवा थर चढतो.

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या दाराशी हे अगदी जवळून पाहता येते. त्या दाराला तीन दगडी पायऱ्या होत्या. माझ्या लहानपणी तिसऱ्या पायरीवर बसले की पाय रस्त्याला टेकत नसत. पहिल्या डांबराने खालची पायरी अर्धी खाल्ली, पुढच्या थराने उरलेली. मग काँक्रीट आले आणि मधली पायरी त्यात बुडाली. आता एकच पायरी वर आहे आणि तिच्या दगडाला सिमेंटचे ओघळ चिकटले आहेत. दाराच्या उंबऱ्यापुढे घरच्यांनी विटांचा चार बोटे उंच बांध घातला आहे, कारण जोराचा पाऊस आला की रस्त्यावरचे पाणी चौकात शिरते. पूर्वी वाड्यातले पाणी रस्त्यावर जायचे. बांधाच्या मधोमध एक विटेचा तुकडा मोकळा ठेवलाय. पाऊस थांबला की तो काढून चौकातले पाणी बाहेर लोटतात.

हे एका वाड्याचे नाही. रस्ता वर गेला की तळमजले खाली जातात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा ओढ्याची अडवलेली पात्रे हे मोठे कारण होतेच. पण शहरातली पाणी मुरण्याची जागा कमी होत चालली आहे, हा मुद्दाही त्यानंतर ठळकपणे पुढे आला. पेव्हर ब्लॉकच्या फटींतून थोडे तरी पाणी मुरते म्हणून तो पर्याय सुचवला गेला. पण ब्लॉकही खालचा पाया तपासल्याशिवाय टाकले तर काय होते, ते शहराने 20 सप्टेंबर 2024 रोजी पाहिले. बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात ब्लॉकखालची जमीन खचली आणि ड्रेनेज साफ करायला आलेला महापालिकेचा ट्रक अख्खाच्या अख्खा खड्ड्यात गेला. खाली काय आहे हे माहीत नसताना वरून चांगला पृष्ठभाग देता येत नाही.

आणि खाली बरेच काही आहे. समान पाणीपुरवठा योजनेचे काम 2018 पासून चालू आहे, आणि तिच्यासाठी सुमारे दीड हजार किलोमीटर जलवाहिन्या टाकायच्या ठरल्या. त्यात गॅस, वीज, इंटरनेटच्या केबल. खासगी केबल कंपन्यांकडून खोदाईचे शुल्क मीटरमागे 12 हजार रुपयांहून जास्त घेतले जाते, सरकारी कंपन्यांना सवलत असते. पावसाळ्याच्या तोंडावर खोदाई थांबवायची असते, म्हणून एप्रिल हा खोदाईचा महिना ठरतो. मार्चमध्ये काँक्रीट आणि एप्रिलमध्ये खोदाई, असे एकाच गल्लीत व्हायला कुणाचा कट लागत नाही. दोन खात्यांची दोन वेळापत्रके पुरतात. काँक्रीट कापले की त्यात सरळ फूटभर रुंदीचा पट्टा पडतो, तो बहुतेक वेळा डांबराने भरतात, आणि पहिल्या पावसात त्या पट्ट्याच्या कडेने भेग सुरू होते. ठरलेल्या मुदतीत रस्ता बिघडला तर तो कंत्राटदारानेच दुरुस्त करायचा, या मुदतीला दोषदायित्वाचा कालावधी म्हणतात. ज्या कंत्राटदारावर तो होता तो सांगतो की रस्ता आपण फोडलेला नाही. जंगली महाराज रस्त्याच्या वेळची एकसंध जबाबदारी या पट्ट्यापाशी तुटते.

2016 मध्ये महापालिकेने रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे आणि पादचारी धोरण स्वीकारले. त्यातून जंगली महाराज रस्त्याचे आणि औंधच्या डीपी रस्त्याचे रुंद पदपथ आले. 11 डिसेंबर 2021 पासून लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही होऊ लागला. यातला विचार उत्तम होता, पण तो मोठ्या रस्त्यांपुरता राहिला.

महापालिकेची मुदत 14 मार्च 2022 ला संपली आणि प्रशासक आले. ‘स’ यादी थांबली, स्थायी समितीचे निर्णय प्रशासकांकडे गेले. गल्ल्यांमधल्या काँक्रीटची घाई या काळात ओसरली, हे मान्य करायला हवे. पण त्याच वर्षीच्या पावसाळ्यात खड्ड्यांनी शहर बेजार झाले, आणि नगरसेवकाला फोन करून एखादा चेंबर बसवून घेण्याची जी सोय होती ती गेली. क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला कमिटीच्या, म्हणजे नागरिक आणि अधिकारी यांच्या, बैठका पुन्हा भरू लागल्या. तिथे येणारे बहुतेक ज्येष्ठ नागरिक, हातात फोटोंची फाइल, आणि समोर बदली होऊन नुकताच आलेला अभियंता. 2025 मध्ये खड्ड्यांच्या तक्रारींसाठी वेगळे ॲपही आले. खड्डा बुजवल्याचा फोटो आता लवकर येतो, ही सुधारणा आहे. खड्डा का पडला याची नोंद मात्र त्यात होत नाही.

या सगळ्यात हद्द वाढत गेली. 2017 मध्ये 11 गावे आली, 2021 मध्ये आणखी 23. त्यातल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांची 2024 मध्ये वेगळी नगरपरिषद झाली. समाविष्ट गावांत अनेक ठिकाणी अजून ड्रेनेज नाही. तिथे आधी काँक्रीट आले तर पेठांमध्ये झालेली चूक मोठ्या क्षेत्रावर, आणि ड्रेनेजच्या आधीच, होईल. गावांतल्या कामांच्या याद्या वाचताना म्हणूनच मी प्रथम ड्रेनेजची ओळ शोधतो.

नव्या सभागृहापुढे पहिले अंदाजपत्रक येईल तेव्हा ‘स’ यादी आणि वर्गीकरण हे दोन्ही शब्द परत ऐकू येतील. कामाच्या प्रस्तावासोबत रस्त्याची पातळी किती वाढणार, जुना थर काढणार का, आणि पुढच्या तीन वर्षांत त्या गल्लीत कुठल्या लाइनी टाकायच्या आहेत, एवढ्या तीन नोंदी सक्तीच्या करा, अशी मागणी पेठांमधले काही रहिवासी मोहल्ला कमिटीत करत आले आहेत. त्या वाड्याच्या गल्लीत शेवटचे काँक्रीट झाले तेव्हा लावलेला फलक अजून आहे. त्यावर कामाचे नाव आहे, निधी कुणाचा ते आहे आणि भूमिपूजनाची तारीख आहे. दोषदायित्व कधी संपते, ती तारीख त्यावर नाही.